नांगर, जाहिरात आणि अडीच हजार रुपये

१९२० या एकाच वर्षी मराठीत दोन नियतकालिके सुरू झाली. पहिले ३१ जानेवारीला मुंबईत निघाले. ते पाक्षिक होते आणि त्याचे नाव ‘मूकनायक’. दुसरे औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून निघाले, ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने. पहिल्याचा उल्लेख दलित चळवळीच्या इतिहासात येतो, दुसऱ्याचा मासिकांच्या आणि उद्योगाच्या इतिहासात. दोन्ही इतिहास आपापल्या कपाटात ठेवलेले असल्यामुळे ही दोन नावे एका पानावर क्वचितच दिसतात. ती शेजारी ठेवून वाचली, तर भांडवल, संस्कृती आणि छापील माध्यमे यांचे नाते महाराष्ट्रात कसे घडले, याबद्दल बरेच काही कळते. त्यातले काही पाश्चात्त्य सिद्धान्तांत बसते, काही मुळीच बसत नाही.

आधी कारखान्याची गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. ते सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी शेतीच्या अवजारांकडे मोर्चा वळवला. कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. नांगर चांगला होता, पण तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या उद्योगाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नांगराच्या गोष्टीत एक मोठा धडा दडलेला आहे. भांडवलदाराला बाजार आयता मिळतो, असे आपण सहज धरून चालतो. इथे माल तयार होता, पण गिऱ्हाईक तयार नव्हते. गिऱ्हाईक तयार करायचे म्हणजे त्याच्या डोक्यातली समजूत बदलायची, आणि समजूत बदलण्याचे काम कारखान्यातल्या भट्टीत होत नाही. त्यासाठी शब्द, चित्रे आणि छापखाना लागतो. लोखंडाने जमीन नासते हे मानणारा माणूस आणि ग्रहणात बाहेर पडू नये हे मानणारा माणूस एकच आहे, हे किर्लोस्करांच्या ध्यानात आले असावे. अंधश्रद्धेवरचा हल्ला ही त्यांच्या लेखी केवळ सुधारणेची हौस नव्हती, त्यात व्यवसायाची निकडही होती. ही निकड खरी होती, म्हणून ती सुधारणा खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि या लेखातली सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याचे प्रचारपत्र होते. ते शंकरराव किर्लोस्करांनी काढले. शंकरराव लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहणारे. गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कारखान्याची वार्ता कळावी, एवढाच पहिला हेतू. पण नुसत्या नांगरांच्या बातम्या किती जण वाचणार? म्हणून लेख आले, व्यंगचित्रे आली, गोष्टी आल्या. काही वर्षांत नावातली ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे मासिक म्हणून घराघरांत जाऊ लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शेतीच्या अवजारांच्या एका कारखान्यातून सुशिक्षित मराठी कुटुंबाची तीन मासिके निघावीत, ही घटना भारतीय भाषांत विरळच म्हणावी लागेल. भोंदू बुवांची पोलखोल, विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार, स्वावलंबन, व्यायाम, प्रवास, प्रेमविवाह, मुलींचे शिक्षण आणि नोकरी, नवरा-बायकोचे नाते, असे कितीतरी विषय या पानांतून माजघरात पोचले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध गाजले, तेही ‘किर्लोस्कर’मधूनच.

या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाचे मन घडवले, हे मान्यच करायला हवे. ‘स्त्री’ वाचून आपल्या आयुष्याकडे पहिल्यांदा प्रश्न म्हणून पाहणाऱ्या बायकांच्या काही पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. विदर्भात, मराठवाड्यात आणि महाराष्ट्राबाहेर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या मराठी घरांतही पुण्या-मुंबईच्या सुधारणेचे वारे अशाच मासिकांनी नेले. लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळू नये असा आग्रह धरला होता, हेही विसरता कामा नये. ‘भांडवलदारांनी आपल्या फायद्यासाठी चालवलेली मासिके’ एवढे म्हणून हा विषय मिटत नाही.

तरीही एक प्रश्न विचारायला हवा. या मासिकांतला ‘वाचक’ कोण होता? तो साक्षर होता, वर्गणी भरू शकत होता आणि जाहिरातीतला साबण, औषध, शिवणयंत्र, कंदील विकत घेऊ शकत होता. ‘स्त्री’तली स्त्री ही मुख्यतः अशाच घरातली होती. तिच्या दुःखांना तिथे जागा मिळाली आणि ती दुःखे खरी होती. पण शेतात नांगरामागे चालणारी, खळ्यावर राबणारी, दुसऱ्याच्या विहिरीवर लांब उभी राहून पाणी मागणारी स्त्री त्या पानांवर आली, तर बहुधा लेखाचा विषय म्हणून आली. मासिक तिला उद्देशून नव्हते. यामागे कोणा संपादकाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. मासिकाचा हिशेबच तसा होता. जिथे विकत घेण्याची ताकद संपते, तिथे त्या मासिकाचे क्षितिज संपत होते.

आता दुसऱ्या नियतकालिकाकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. ती सरकारी नोकरी असल्यामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव लावता येत नव्हते. पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले, पण सुरुवातीचे अग्रलेख आंबेडकरांचे होते. शीर्षभागी तुकारामांचा अभंग होता. मुळातली रक्कम कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिली : अडीच हजार रुपये. कारखाना नाही, विक्रेत्यांचे जाळे नाही, स्वतःचा छापखाना नाही. ज्यांच्यासाठी पत्र काढायचे, त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. ज्यांना येत होते, त्यांच्या खिशात वर्गणीपुरते पैसे असतीलच असे नव्हते. गावात एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशा वाचनावर ते पत्र उभे होते. वाचकसंख्या आणि खप या दोन गोष्टींत अशा पत्राच्या बाबतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि जाहिरातदार पाहतो तो खप.

इथे ती सुप्रसिद्ध घटना येते. ‘मूकनायक’ निघाल्याची जाहिरात ‘केसरी’त छापावी, अशी विनंती करण्यात आली होती. जाहिरातीचे पैसे द्यायची तयारी होती. तरी ‘केसरी’ने ती जाहिरात छापायला नकार दिला, असे खुद्द आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नमूद केले आहे.

हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो आणि ‘केसरी’च्या अनुदारपणाचा दाखला म्हणून तिथेच सोडला जातो. माझ्या मते त्याचा अर्थ याहून पुढे जातो. भांडवलशाहीचे एक मोठे आश्वासन असे असते, की पैशाला जात नसते. ज्याच्याकडे दाम आहे त्याला काम मिळते. जुन्या समाजात जन्म पाहिला जाई, बाजारात फक्त किंमत पाहिली जाते. हे आश्वासन क्रूर असले, तरी दलितांच्या दृष्टीने त्यात एक सुटकाही होती. मुंबईत आलेल्या महार गिरणी कामगाराला शहर थोडेफार मोकळे वाटले, ते या आश्वासनाच्या बळावर. आणि मुंबईच्या गिरण्यांतही हे आश्वासन पुरते पाळले गेले नाही. विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचा प्रश्न उभा राही. जाहिरातीच्या बाबतीत तेच घडले. पैसे पुढे केले होते, माल विकाऊ होता, तो माल म्हणजे वर्तमानपत्रातली चार बोटे जागा. आणि विकणाऱ्याने तो विकला नाही. बाजाराचा नियम इथे जातीच्या नियमापुढे थबकला. महाराष्ट्रातली माध्यमे भांडवलाच्या ताब्यात गेली, असे आपण म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे, की भांडवल येण्यापूर्वी ती मोकळी नव्हती. भांडवल आले ते आधीपासून बंद असलेल्या दारातून आत आले आणि आत आल्यावर त्याने ते दार सगळ्यांसाठी उघडले नाही.

१९२० च्या जुलैमध्ये आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. ज्ञानदेव घोलप यांनी पत्र पुढे चालवले. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. १९२७ च्या एप्रिलमध्ये, महाडच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक म्हणून आंबेडकरांचे नाव होते. अंकाचे बहुतेक रकाने ते एकटेच लिहीत आणि त्याचा मोबदला घेत नसत. पत्रावर कर्ज झाले, तेव्हा हे ऋण सगळ्या समाजाचे आहे, अशी आठवण त्यांनी वाचकांना करून दिली. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले. त्याच्या पुढच्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ सुरू झाले. दोन्हींच्या संपादकांत कष्टाची वा बुद्धीची तफावत होती, असे कोणी म्हणणार नाही. एकामागे कारखान्याचे पाठबळ होते आणि दुसऱ्यामागे कर्ज.

इतिहास इतका सरळ मात्र नसतो. भांडवल नाही म्हणजे पत्र टिकत नाही, असा नियम काढायला जावे तर त्याला उलटे दाखले मिळतात. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले, ते सत्यशोधक चळवळीचे पत्र. १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालवले आणि त्यातून गिरणी कामगारांची बाजू मांडली. मुंबईच्या सत्यशोधक चळवळीला मदत करणाऱ्यांत तेलुगू भाषक कंत्राटदार होते, हे आज मराठी वाचकांनाही फारसे ठाऊक नसते. शहर उभारणाऱ्या बांधकामाच्या धंद्यातून मिळवलेला पैसा त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मराठी चळवळीसाठी खर्च केला. हेही भांडवलच होते. फक्त ते वेगळ्या जातीच्या हातात होते आणि दुसऱ्या भाषेत विचार करत होते. पुढे १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ काढले आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. खेड्यात छापलेले, खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी असलेले साप्ताहिक इतकी वर्षे चालते, ते मोठ्या जाहिरातींवर नव्हे. गरजा कमी ठेवल्या, छपाई घरची आणि वर्गणीदार ओळखीचे, एवढ्यावर ते तगले. ज्याचा वाचक शेतीचा मालक असतो, त्याला निदान एवढे शक्य होते. ज्याच्या वाचकाकडे जमीनही नव्हती, त्याला तेही अवघड होते.

तिसरा दाखला याहून बोलका आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये निघाले आणि १९५३ पर्यंत चालले. संततिनियमनाच्या प्रचारामुळे कर्व्यांची प्राध्यापकी आधीच गेली होती. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. कर्वे उच्चवर्णीय होते, सुशिक्षित होते, महर्षी कर्व्यांचे पुत्र होते. त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट म्हणजे जाहिरातदाराला आवडेल असे मत. स्त्रीला कामसुखाचा हक्क आहे, हे ‘समाजस्वास्थ्य’ने उघड लिहिले आणि त्याची किंमत पदरच्या पैशाने आणि दंडाने मोजली. कौटुंबिक मासिकांनी स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार केला, पण तो कुटुंब पचवू शकेल इतपत. कुटुंबाच्या पचनशक्तीच्या पलीकडे जे होते, ते कर्व्यांना तोट्यात चालवावे लागले. जातीने बाहेर ठेवलेला माणूस आणि मताने बाहेर पडलेला माणूस त्या दिवशी न्यायालयात एका बाजूला उभे होते, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

१९४३ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात, न्या. रानडे यांच्या जयंतीच्या निमित्ताने, आंबेडकरांचे भाषण झाले. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी भारतीय पत्रकारितेवर कडक शब्दांत टीका केली. पत्रकारिता पूर्वी एक व्रत वा पेशा होती, आता तो साबण तयार करण्यासारखा व्यापार झाला आहे, असा त्यांचा आशय होता. त्याच सुमारास अमेरिकेत आश्रय घेतलेले अडोर्नो आणि होर्कहायमर हे दोन जर्मन विचारवंत ‘संस्कृती-उद्योग’ या कल्पनेची मांडणी करत होते. सिनेमा, रेडिओ आणि मासिके कारखान्यातल्या मालासारखी एकसाची होतात आणि माणसाला निव्वळ ग्राहक करून सोडतात, असे ते सांगत होते. दोन्ही टीका एकमेकींना ठाऊक नव्हत्या आणि वरवर पाहता त्या सारख्याच वाटतात.

पण त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. अडोर्नोंची चिंता अशी, की हा उद्योग कोणालाच बाहेर ठेवत नाही, तो सगळ्यांना गिळतो. आंबेडकरांचा अनुभव याच्या उलट होता. त्यांच्या लोकांना ग्राहक म्हणून मोजलेच जात नव्हते. एकसाची मालाचा कंटाळा यायला आधी तो माल आपल्या दारात यावा लागतो. ज्याची जाहिरात पैसे देऊनही छापली जात नाही, त्याच्यापुढे ‘आपण सगळेच ग्राहक झालो’ ही तक्रार मांडणे थोडे चमत्कारिक ठरते. म्हणून आपल्याकडे माध्यमांची समीक्षा करताना दोन प्रश्न एकदम विचारावे लागतात : भांडवल माध्यमाला काय करायला लावते, आणि भांडवल कोणाला गिऱ्हाईक मानायलाही तयार नाही? पहिला प्रश्न आपण उत्साहाने विचारतो. दुसरा अनेकदा राहून जातो.

पुढे १९६० च्या दशकात हे गणित थोडे बदलले, आणि ते बदलायला एक साधे यंत्र कारण झाले. सायक्लोस्टाइलवर शंभर-दोनशे प्रती काढायला ना कारखाना लागत होता, ना राजाश्रय. अनियतकालिकांची लाट आली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची होळी केली. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघू लागले आणि दलित साहित्याला हक्काचे पान मिळाले. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाला ‘साधना’ने विशेषांक काढला. त्यातल्या ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्र हादरला. ‘साधना’ हे साने गुरुजींनी सुरू केलेले, धंद्यासाठी न निघालेले साप्ताहिक. हा लेख त्या वेळी एखाद्या कौटुंबिक मासिकात येऊ शकला असता का, याचे उत्तर वाचकाने स्वतःच द्यावे. ‘मूकनायक’ने जे पेरले होते, ते पन्नास वर्षांनी उगवले. त्यासाठी छपाईची किंमत खाली यावी लागली आणि शिकलेली पहिली पिढी तयार व्हावी लागली.

किर्लोस्करांच्या मासिकांचे पुढे काय झाले, तेही या गोष्टीत यायला हवे. विद्या बाळ १९६४ पासून ‘स्त्री’त होत्या आणि १९८० च्या दशकात त्या संपादक झाल्या. स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी त्यांनी ‘स्त्री’ला जोडायचा प्रयत्न केला. त्या दशकातच त्या तिथून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, ते उद्योगसमूहाच्या पाठबळाविना. सुरुवातीला नांगरासाठी ‘नवा माणूस’ घडवणे ही उद्योगाची गरज होती. गिऱ्हाईक तयार झाल्यावर, बाजार भरल्यावर ती गरज उरली नाही. भांडवल संस्कृतीशी जन्माची गाठ बांधत नाही. ते सोबत चालते, वाट एक असते तोवर. त्या सोबतीत ‘स्त्री’सारखे काही खरे घडून गेले, हे भाग्य. ती सोबत कायमची मानणे ही फसगत.

आता शेवटचा मुद्दा, जो इतिहास लिहिणाऱ्यांच्या वाट्याचा आहे. जुन्या वाचनालयांत ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे बांधीव खंड ओळीने उभे दिसतात. ‘मूकनायक’चे सगळे अंक आज उपलब्ध नाहीत. जे हाती लागले, ते महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या लेखनाच्या मालिकेत ‘बहिष्कृत भारत’बरोबर छापले. मराठी आधुनिकतेचा इतिहास लिहायला बसणारा अभ्यासक जे कपाटात आहे त्यावरून लिहितो. साहजिकच त्या इतिहासात पुण्या-मुंबईचे माजघर मोठे दिसते आणि गावकुसाबाहेरचा चौक लहान. ज्याच्यामागे भांडवल होते ते छापले गेले, जे छापले गेले ते बांधले गेले, जे बांधले गेले ते ‘मराठी संस्कृती’ ठरले. पैशाचा प्रभाव केवळ आजच्या मथळ्यांवर पडत नाही. शंभर वर्षांनी कशाला आठवण म्हणायचे, हेही तो ठरवत असतो.

म्हणून कोणतेही जुने नियतकालिक उघडताना अग्रलेखाच्या आधी त्याच्या जाहिराती वाचाव्यात, आणि त्यानंतर तिथे कोणाची जाहिरात नाही ते पाहावे.